पितळी पट्टी आणि तिसरं मागणं

सारीतोगाई, सोमवार

चिरंजीव एर्केबुलान,

तुला, सूनबाईंना आणि लेकरांना मामाचे आशीर्वाद. तुझी मेंढरं-घोडी धष्टपुष्ट आहेत ना? (तालदिकोर्गानला चौथ्या मजल्यावर तुझ्याकडे फक्त एक मांजर आहे हे मला ठाऊक आहे; पण जनावरांच्या आधी माणसांची चौकशी करू नये, असं माझे वडील सांगत. तेव्हा मांजर बरं आहे ना?) गुडघा सोडला तर मी ठीक आहे. तुझी मामी कुल्पाश गुडघ्यांसकट ठीक आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात कुल्पाश आहे.

तुझ्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. भाच्याने मामाकडे जन्मात तीनदा हवं ते मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, ही रीत मी घातलेली नाही. मी घातली असती तर एकदाच ठेवली असती. पहिल्यांदा तू शिकारी कुत्र्याचं पिल्लू नेलंस. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, म्हणून काही वाटलं नाही. गेल्या वर्षी मात्र चांगला चाळिशीचा होऊन माझ्या पेटीतला गळाला लावायचा हिरव्या पाठीचा लाकडी मासा उचललास आणि म्हणालास, "मामा, हा मला हवा." मी हसत दिला. (कुल्पाश म्हणते, ते हसणं नव्हतं.)

आता अकमार्काची खोड तुला माहीत आहे. हा दांडगा मासा निवांत तरंगणाऱ्या घासाकडे ढुंकूनही बघत नाही. जे जीव मुठीत धरून पळतं, त्याच्याच मागे लागतो. म्हणून होडी ताशी दहा किलोमीटरने हाकायची आणि मागे पन्नास मीटर दोरावर खोटा मासा ओढायचा. पण त्या वेगात सरळ पोहणारा खोटा मासा शंभरात एखादाच, आणि तो तुझ्या कपाटात आहे. तो गेल्यापासून मी बाजारातला एकेक आणून बघितला. पहिल्याच्या तोंडाला हातभर पत्र्याची जीभ होती. होडीला वेग येताच तो असा तळाकडे निघाला की गळाची काठी धनुष्यासारखी वाकली. अर्धा तास मी मोठ्या माशाशी झुंजतोय असं समजून घाम गाळला, आणि शेवटी हाती आला तोच, चिखलाने माखलेला. दुसरा वजनाला हलका. तो कुशीवर पडून पाण्यावर टणाटण उड्या मारत आला, आणि मागोमाग दोन पाणपक्षी त्याच्यावरून भांडत आले. तिसऱ्याच्या नाकातली कडी जराशी वाकडी होती. असा मासा एकाच बाजूला ओढतो. कडी पकडीने उलट्या अंगाला किंचित वळवली की सुधारतो. मी किंचितच वळवली. तो दुसऱ्या बाजूला ओढू लागला आणि माझ्या होडीला प्रदक्षिणा घालून माझ्याच टोपीत अडकला. वडील म्हणायचे, कुठलाही खोटा मासा आधी होडीच्या कडेला हातभर दोरावर धरून बघावा, धावतो की लोळतो. सत्तरीला आलो तरी मला हे टोपीला भोक पडल्यावरच आठवतं.

अशात गेल्या महिन्यात आपल्या झिबेकचे सासरे, सापारगली व्याही, मुक्कामाला आले. त्यांनी कधी मासा धरला नव्हता. लेकीच्या सासऱ्यांसमोर रिकाम्या हाताने परतायचं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. निघताना दारामागे बुटात टाच सरकवायची पितळी पट्टी टांगलेली दिसली. लांबट, निमुळती, जराशी वाकलेली. मी ती कोटात घातली. (त्या क्षणी माझा हात माझ्या ताब्यात नव्हता.) दोन भोकं पाडली, गळ लावला, कडेला धरून पाहिली: काय धावली, एर्केबुलान! वेग वाढवावा तशी अंग हलवत सरळ चाले, सूनबाई नव्या घरात चालावी तशी. वीस मिनिटांत सात किलोचा अकमार्का लागला, तोही व्याह्यांच्या काठीला.

इथेच माझं नशीब फिरलं. व्याह्यांनी माशाचं कौतुक केलं नाही, माझं केलं नाही, पट्टीचं तर नाहीच. "व्याहीबुवा, होडी काय आहे हो तुमची!" होडीत एकदा म्हणाले. काठावर एकदा. जेवताना माशाचं डोकं पुढ्यात असताना तिसऱ्यांदा. पाहुण्याने तीनदा वाखाणलेली वस्तू घरात ठेवता येते का? कुल्पाश म्हणून गेली, "आवडली तर न्या की, व्याहीबुवा!" ते एकदाही नको म्हणाले नाहीत. येत्या रविवारी गाडीमागे होडी वाहून न्यायचा चाकांचा गाडा जोडून येणार आहेत.

बाकी सगळं क्षेम. सूनबाईंना आठवण सांग.

तुझा मामा,
तुर्लीबेक

ता. क. पाहुण्याच्या शब्दापेक्षा मोठा असा एकच शब्द आहे, भाच्याचा. तुझं तिसरं मागणं शिल्लक आहे. शनिवारच्या बसने ये आणि मामीच्या देखत मोठ्याने होडी माग. मग ती माझ्याच शेडमध्ये ठेवून जा. (गडबडीत घोडी मागू नकोस.)

ता. क. २. मामीला यातलं काही कळता कामा नये. दिलेला शब्द फिरवला म्हणून ती मला कधीच माफ करणार नाही. पट्टी शोधत गेला महिनाभर ती चमच्याने बूट घालतेय.

ता. क. ३. एर्केबुलान, मी मामी. पत्र पोस्टात टाकायला माझ्याच हाती दिल्यावर वाचणार नाही तर काय? होडीचं माझ्या तोंडून निघून गेलं, बाळा. रीतच तशी. तेव्हापासून हे रात्री कूस बदलतात आणि सकाळी शेडमध्ये नुसते बसून राहतात. शनिवारी नक्की ये. होडी जोरात माग, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल. मी दोनदा नाही म्हणेन, थोडी रडेन, मग देईन. आणि तो हिरवा मासा परत आण, म्हणजे मला माझी पट्टी दारामागे टांगता येईल. व्याह्यांचे बूट तंग आहेत. पट्टी नसेल तर ते पायात जायचे नाहीत, आणि बूट पायात गेल्याशिवाय व्याही जायचे नाहीत.