नारळ म्हणायचं नाही

मु. उमापूर
चैत्र वद्य द्वितीया, शके १८३५

तीर्थस्वरूप अर्जुनराव दाजी यांस,

विठ्ठलचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सारी खुशाल आहोत, तुमच्याकडची खुशाली कळवावी. भिवराअक्काला सांगा, तिनं पाठवलेल्या शेवया पोचल्या. तुमचा लंगडणारा बैल आता कसा आहे तेही लिहा.

परवा जत्रा पार पडली. यंदा पोरांच्या कुस्त्यांवरून गावात बरीच तकरार झाली. ती भलत्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच लिहितो. आमच्याकडचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. सोळाच्या आतलं जे पोरगं आखाड्यात उतरेल त्याला देवापुढचा एक नारळ मिळतो, मग ते जिंको की हरो. जिंकणाऱ्याला वरून फेटा. आणि डावात सापडलेल्या पोरानं तोंडानं ‘नारळ’ म्हटलं की पंचानं कुस्ती तिथंच सोडवायची. हरलो म्हणायची लाज वाटू नये म्हणून जुन्या लोकांनी ही सोय केली असावी.

पण दाजी, त्या सोयीनं पोरं पार बिघडली. गेल्या साली एका दिवट्यानं अंगाला माती लागायच्या आत ‘नारळ’ म्हटलं आणि तो फोडून खात खात पाळण्याकडे गेला. वर्षभर तालमीत मी पोरांच्या मागं लागतो, जोर-बैठका काढून घेतो, ते काय ह्या खोबऱ्यासाठी? म्हणून यंदा मी वस्ताद ह्या नात्यानं गावच्या पंचांपुढं सांगितलं की नारळ आणि फेटा, दोन्ही जिंकेल त्यालाच. आखाड्यात ‘नारळ’ म्हणायचं नाही. मोहनराव पाटील फार चिडले. जत्रेला आलेलं लेकरू रिकाम्या हातानं घरी धाडायचं नसतं, हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं, पाटील, हे इनाम आहे, प्रसाद नव्हे. पंचांनी माझं मंजूर केलं.

त्या दिवशी अकरा पोरं रिकाम्या हातानं गेली. गीताबाईनं तर भर आखाड्यापाशी मला धरलं. तिचा पोरगा म्हणजे काडी. “माजं लेकरू उतरलं, पडलं, परत उटलं. त्ये तुमाला दिसलंच न्हाई का वस्ताद?” असं म्हणाली. बायकांच्या तोंडी कोण लागणार? मी पुढची जोड पुकारली.

तालमीसाठी माझ्या हवाली केलेला तुमचा सिदूही लढला, चांगला लढला. निकालाचं सविस्तर भेटीत सांगेन. काल विहिरीच्या पायरीवरून तो जरा घसरला आणि उजवा हात मुरगळला आहे. आंबेहळद लावली आहे, काळजीचं कारण नाही. अक्काला उगीच सांगत बसू नका.

आपला,
विठ्ठल

—

मु. उमापूर
वैशाख शुद्ध अष्टमी, शके १८३५

तीर्थस्वरूप दाजी आणि भिवराअक्का, दोघांस नमस्कार.

दाजी, हे पत्र अक्काला वाचून दाखवा, गाळू नका.

अक्कानं तुमच्या हातून लिहवून पाठवलं की सिदूच्या हातच्या दोन ओळी धाड, तेवढ्यानं माझा जीव खाली पडेल. ते पत्र चार दिवस बंडीच्या खिशात घेऊन मी हिंडलो. त्या दोन ओळी येणार नाहीत. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. सिदू विहिरीवर घसरला नाही. त्याचा हात आखाड्यात मोडला, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी तो मोडू दिला.

सगळं सांगतो. मी नवा कायदा केल्यावर गावात कुजबूज सुरू झाली की भाच्याला फेटा मिळावा म्हणून मामानं हे काढलं. मला ते झोंबलं. लोकांची तोंडं बंद करायची म्हणून मी सिदूची जोड माजलगावकडच्या एका दांडग्या पोराशी लावली. तो सिदूपेक्षा हातभर उंच होता. जोड बरोबरीची नाही असं दोघा-तिघांनी सांगितलं, मी ऐकलं नाही. मनातून मला वाटत होतं की सिदू त्यालाही अस्मान दाखवेल आणि मग कुणाची बोलायची छाती होणार नाही.

पोरगं लढलं हो. घटकाभर त्यानं त्या दांडग्याला दम खाऊ दिला नाही. मग त्या पोरानं सिदूला खाली घेतलं, उजवा हात पाठीमागं पिरगळला आणि पाठीवर गुडघा दिला. सिदूचं तोंड मातीत, पण माझ्याकडं वळलेलं. मी कुस्तीचा पंच म्हणून चार पावलांवर उभा होतो. मोहनराव कडेवरून म्हणाले, “सिदू, नारळ म्हण. म्हण लेकरा.” मग मला म्हणाले, “विठ्ठल, सोडव कुस्ती. हात जातोय त्याचा.”

सिदूनं तोंड उघडलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. अक्का, तो मला विचारत होता.

मी मान हलवली, नाही म्हणून.

दोन-तीनशे माणूस बघत होतं. माझा कायदा पहिल्याच दिवशी माझ्याच भाच्यानं मोडला असता, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. हात मोडेल हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं मातीत काढलेल्या माणसाला ते कळतं. जुना रिवाज मोडताना हरलेल्याचा नारळ मी काढून घेतला, तसा अडकलेल्या पोराच्या तोंडातला शब्दही काढून घेतला. त्याच्या जागी दुसरा काही द्यायला हवा हे मला सुचलंसुद्धा नाही. सिदूनं ओठ मिटले. मग हाड वाजलं. सत्तर वर्षांचे मोहनराव पायताणासकट मातीत शिरले आणि त्यांनी दोघांना सोडवलं. आखाड्यात पायताण घालून शिरलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. त्या माजलगावच्या पोरानं फेट्याला हात लावला नाही. रडत रडतच तो गाडीत बसला.

विहिरीची थाप सिदूनंच काढली. हात बांधत असताना मला म्हणाला, “मामा, आईला विहिरीवर पडलो म्हून लिवा. न्हाईतर ती तुमाला बोलंल.” पंधरा वर्षांचं पोर मला पाठीशी घालत होतं, आणि मी लागलीच बोरू घेऊन बसलो. हात मोडला त्या वेळी जेवढा हलकट झालो नव्हतो तेवढा ते पत्र लिहिताना झालो.

मोहनराव रोज येतात. मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच फार लागतं. परवा ते सिदूसाठी जत्रेतला राखून ठेवलेला नारळ घेऊन आले. सिदूनं तो हातात घेतला नाही. “मी तर हरलोय पाटील. मला कावून देता?” असं म्हणाला. मोहनरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्याला घे म्हणालो, दोनदा म्हणालो. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. मीच शिकवलेलं आहे, आता माझ्याच सांगण्यानं कसं पुसलं जाणार?

तुम्ही विचाराल, मग इनाम कुणाला द्यावं? दाजी, उतरल्याबरोबर आडवं होणाऱ्या पोराला फेटा बांधावा असं मला आजही वाटत नाही. जिंकणाऱ्याचा मान जिंकणाऱ्यालाच जावा. पण गीताबाईचा तो काडीसारखा पोरगा थरथरत का होईना, मातीत उतरला होता. त्याची काहीतरी नोंद गावानं घ्यायला हवी होती. हे मला तेव्हा कळलं असतं तर सिदूचा हात धड राहिला असता. तालमीची किल्ली मी पंचांकडे देऊन आलो. पुढं काय करायचं ते गाव ठरवेल.

आता मुख्य ते लिहितो. आज सकाळी हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या सोडल्या. हाड जुळलं आहे, पण कोपर वाकडा राहिला. घास तोंडापर्यंत जाईल, विळा धरता येईल. कुस्ती मात्र संपली. वैद्यानं कोपर सरळ होतो का पाहायला ताण दिला, तेव्हा माझ्याच्यानं बघवेना. त्या म्हाताऱ्यानं सिदूला सांगितलं, दुखलं तर ओरड बाबा, म्हणजे मला थांबता येईल. सिदू ओरडला नाही. मी जवळ बसून विचारलं, दुखतंय का रे?

“न्हाई मामा,” म्हणाला. दातांखाली ओठ फुटून रक्त आलं होतं, आणि म्हणाला, न्हाई.

तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, मारलं तरी मी हात वर करणार नाही. पण आधी गाडी जुंपा. अक्का, तू ये. तीन आठवडे झाले, हे लेकरू एकदाही रडलेलं नाही, आणि मी समोर असेपर्यंत ते रडणार नाही. तू आलीस की मी घराबाहेर जाऊन बसेन.

तुमच्या लेकराचा अपराधी,
विठ्ठल