ट्रंकेतला हिरवा सदरा

मासवण,
भाद्रपद, १९६८

प्रिय जिवल्या,

सुरतेहून लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. पुराच्या पाण्यातून एका म्हातारीला पाठुंगळी मारून तू बाहेर काढलंस, तिने तुझ्या तोंडावरून हात फिरवला, तुमच्या साहेबाने शाबासकी दिली. वाचलं रे बाबा, सगळं वाचलं. आपल्या बाबाला वाचून दाखवायला घेतलं, तर तो उठून बाहेर गेला.

इथेही तुझी मिलिटरी आली होती, ठाऊक आहे? सूर्या नदी चढली तेव्हा मी बोईसरला होते, तारापूरच्या बांधकामावर घमेली वाहत. होड्या लादलेल्या मिलिटरीच्या गाड्या पालघरकडे जाताना मी या डोळ्यांनी पाहिल्या. बरोबरच्या बायकांना म्हटलंसुद्धा, आता आमच्या पाड्याला घोर नाही, माझ्या भावाची माणसं निघाली. काय तोरा होता माझा!

पहिल्या रजेला तू युनिफॉर्म घालून ऐटीत आला होतास, आठवतं? तुला बघून लाडकी काकी हंडा टाकून रानात पळाली. सगळे हसले, तू मात्र लाजलास. पुढच्या वेळेपासून पालघर स्टेशनातच कपडे बदलून यायला लागलास. तो हिरवा सदरा ट्रंकेत पडून राहायचा. आईच काय ती बाहेर काढायची, घरामागे धुवायची, हाताने दाबून दाबून घडी घालायची आणि कुणाला न दाखवता परत ठेवायची.

आता बाबाने सांगितलं ते लिहिते. पाडा टेकाडावर जाऊन बसला होता, चहूकडे पाणी. होडी आली. आत टोपीवाले, पट्टेवाले, बूटवाले. असले कपडे घातलेला माणूस आपल्याकडे कशाला येतो? जळणाची मोळी हिसकायला, नाहीतर कुणाला बांधून न्यायला. आपल्या पाड्यातल्या मंगळ्याला शिपायांनी असंच बांधून नेलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. पाणी परवडलं पण शिपाई नको, म्हणून सगळे करवंदीच्या जाळीत शिरले आणि पोरांची तोंडं दाबून बसले. होडीतले ओरडत होते, कोई है क्या, आ जाओ. कुणी हूं की चूं केलं नाही. टेकाड रिकामं समजून होडी वळली.

एकटी आई म्हणाली, हे ते मोळी हिसकणारे नाय, हा सदरा मी धुतलाय, आमच्या जिवल्याची माणसं हायेत ही. बाबाने तिचा हात घट्ट धरला, गप बस म्हणाला. तिने हिसडा दिला आणि पाण्याकडे धावत सुटली. जिवल्या, थांब रे, जिवल्या, अशा तुझ्याच नावाने हाका मारत. होडीच्या इंजिनापुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? काठाची माती भिजलेली होती, ती तिच्यासकट खचली. पाणी उतरल्यावर आई खालच्या अंगाला सापडली.

नंतर एक साहेब येऊन म्हणाला, मदत दारात आली होती, तुमचीच माणसं अडाणी. असतील अडाणी! पण त्यांच्यातलाच एक त्या कपड्यांत फिरतो, हे त्यांना दाखवायचं कुणी? तू स्टेशनात बटणं सोडत होतास.

आई गेली एवढं तारेनेही कळवता आलं असतं. पण कशी गेली ते तारेत मावलं नसतं, म्हणून लिहायला बसले. तिचे दिवस तू आल्याशिवाय करणार नाही. ये, पण या वेळी पालघरला कपडे बदललेस तर घरात पाऊल टाकू नकोस. टोपी, पट्टा, बूट, सगळं घालून भर दुपारी पाड्याच्या मधोमध चालत ये. लाडकी काकी पळेल, पोरं जाळीत शिरतील, बाबाही तोंड फिरवेल. तू हलू नकोस. एकूण एक माणूस बाहेर येऊन तो सदरा बघेपर्यंत तिथेच उभा राहा.

तुझीच, पण अजून राग न गेलेली,
सोमी