बुडातून वाढलेल्या पळीबाबत

प्रति,
मा. भोजनपत्र अधिकारी,
साहाय्य विभाग, नगरपालिका, दुसरा मजला.

विषय : एका वृद्ध सुताराचे रद्द झालेले भोजनपत्र परत मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज (पोच मिळाली नाही).

महोदय,

१. अर्जदार लाँड्रीत इस्त्रीचे काम करते व दर रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागील सभागृहात आपल्या भोजनपत्रावर मिळणाऱ्या मोफत भोजनात सूप वाढते. पाव देणारी शिकाऊ नर्स, ताटे मांडणारा छापखान्यातला मुलगा व भांडी घासणारा लंबू धरून वाढणारे एकूण चौघे, सगळे पंचविशीच्या आतले. पाळकसाहेबांचा चौघांना एकच दंडक आहे : "पोरांनो, ताटाकडे बघा, तोंडाकडे बघू नका. माणूस लाजतो." सबब अर्जदाराने पाच महिने रांगेतील कोणाचेही तोंड पाहिले नाही.

२. जानेवारीतल्या एका रविवारी पुढे आलेल्या ताटावर डाव्या हाताचा अंगठा होता व त्यास नख नव्हते. ते नख हातोडीखाली गेले तेव्हा अर्जदार सात वर्षांची होती. बांधायला फडके तिनेच आणून दिले होते. सदर इसम अर्जदाराचा जन्मदाता बाप होय. नऊ वर्षांपूर्वी "आलोच" म्हणून घराबाहेर पडला, तो गेलाच. अर्जदाराने मान वर केली नाही. काही वाटलेही नाही. फक्त पळी पातेल्याच्या बुडाशी गेली, जिथे बटाटे व मटण बसलेले असते.

३. पुढील सात रविवार पळी बुडाशीच जात राहिली. आठव्या रविवारी त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाई ओरडल्या, "आम्हाला वरवरचं पाणी आणि ह्याला बटाटे? तुझा कोण लागतो गं हा?" बाईंचे म्हणणे रास्त होते. तक्रार आपल्याकडे आली, आपले निरीक्षक आले, त्यांनी वाढणाऱ्यांची व जेवणाऱ्यांची अशा दोन्ही वह्या उघडल्या, आडनावे एकच निघाली. ज्याचे सज्ञान मूल कमावते त्यास भोजनपत्र नाही, या नियमाने पत्र रद्द झाले.

४. तेव्हापासून तीन रविवार सदर इसम फाटकाबाहेर उभा राहतो. आत येत नाही आणि जातही नाही. अर्जदाराने आपल्या वाट्याचा डबा नेऊन दिला, तो त्याने न उघडता परत केला. मागल्या रविवारी तो फाटक धरून उभा होता. त्यास घरी नेणे शक्य नाही. आई म्हणते, "माझ्या लेखी तो कधीच मेला. त्याला उंबऱ्याच्या आत घेतलंस तर तूही बाहेर." आईचे चुकत नाही. नऊ वर्षे तिने एकटीने रेटली आहेत.

५. आपल्या खिडकीवर विचारले असता कारकून महाशयांनी "नातं संपल्याचा दाखला आणा" असे सांगितले. असा दाखला कोण देते हे त्यांनाही ठाऊक नव्हते. अर्जदाराने नोकरी सोडण्याची तयारी दाखवली. त्यावर, मग तुम्हीच भोजनपत्रास पात्र ठराल व पत्रधारकास वाढता येत नाही, असे उत्तर मिळाले. लंबूने लेखी कळवले आहे की, "त्यांना माझ्या नावावर बाप म्हणून लावा. मी तरी कुठं कमावतोय?" कारकून महाशय पोट धरून हसले. अर्जदारास हसू आले नाही. रडूही येत नाही, हे आपल्या माहितीस्तव.

६. तरी सदर इसम अर्जदाराचा कोणीही नाही अशी नोंद करून त्याचे भोजनपत्र येत्या रविवारच्या आत परत द्यावे, ही विनंती. अर्जदार यापुढे पाव वाढेल. पावाला बूड नसते. पुरावा म्हणून निरीक्षकांनीच घेतलेला त्याचा जबाब पाहावा. "ती सूप वाढणारी तुमची कोण?" असे विचारले असता त्याने सांगितले आहे, "ओळखत नाही साहेब. चांगल्या घरची दिसते."

हा जबाब खरा धरावा. अर्जदाराची हरकत नाही.

सोबत : १) रद्द भोजनपत्र. २) लंबूचे पत्र. ३) आईचा जबाब (मागण्याचे धाडस झाले नाही, सबब जोडला नाही).

दिनांक : ११ एप्रिल

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार

टीप : सहीतील आडनाव अर्जदाराने स्वतः खोडले आहे. ती खाडाखोड समजू नये.