स्टॉलमध्ये ओढायचं नसते

बाबा,

पाया पडते, पण राग उतरला नाही.

मी विमान उडवाच्या टेस्टमध्ये फेल झाली, तं तुमी माह्या शिकवणाऱ्या सरले फोन कावून केला? तुमी म्हणे त्याहिले सांगितलं, "प्लांटात क्रेनचा हँडल ओढला का माल वर येते, पोरगी बरोबरच होती." इथं संग शिकणारे सारे हसून राहिले.

विमानाचं नाक फार वर गेलं, का पंखाले हवेचा आधार राहत नाही, विमान पडते, त्यालेच स्टॉल म्हणते. तवा नाक खालीच दाबा लागते. मी घाबरून स्टिक, म्हणजे विमानाचा दांडा, मांगं ओढली. घाबरली का ओढ, हे तुमीच शिकवलं. सरनं स्टिक हिसकली, नाही तं दोघंही मेलो असतो.

आईचा गुडघा कसा आहे?

काल पुन्हा सरसंग उडाली, स्टॉल आला तवा मी दाबलं. विमान सावरलं. सरले विचारू नका, मले विचारा.

उन्नती