एका घरात एकच जन्मदाखला

नाईक तांडा, ता. कळमनुरी
९ जानेवारी २०२५

ती. संतोषदादा यांस,
सा. न. वि. वि.

आजीचा गुडघा सोडला तर इकडे सगळे खुशाल आहेत.

पत्र लिहितो, कारण फोनवर मला धड सुचत नाही. शिवाय तुमचा फोन आला की आजी तो स्पीकरवर टाकते आणि तुमचं बोलणं सोजराबाईच्या ओट्यापर्यंत जातं. ही गोष्ट तिथवर जाऊ नये.

तुम्ही घाईत सांगितलेलं मी तहसीलबाहेर लोकांचे अर्ज लिहितो तसं मांडून पाहतो. चुकलं असेल तर कळवा. तुमच्या फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघाला एकवीस वर्षांखालचा एक खेळाडू मैदानात ठेवावाच लागतो. तुमच्या क्लबात ती जागा तुमची आहे. समोरच्या क्लबाने तक्रार केली की घाटावरून गोव्यात आलेले हे मजूर पोरांची वयं चोरतात. म्हणून तुमच्या मॅनेजरांना ३१ तारखेच्या आत दोन गोष्टी हव्यात: जन्मनोंदीचा उतारा, आणि तो दाखला तुमचाच आहे असं माझं, म्हणजे सख्ख्या भावाचं, शपथपत्र. ते मिळालं की दोन वर्षांचा करार पक्का.

मंगळवारी दाखल्याचा नंबर घेऊन कळमनुरीला दवाखान्यात गेलो. दाखल्यावर बाळाचं नाव नाही. नेमसिंग आडे यांचा, म्हणजे बापूंचा, मुलगा, १४ सप्टेंबर २००४, एवढंच आहे. क्लार्कने जुनं रजिस्टर काढलं. दाखल्यावर नसलेला एक रकाना रजिस्टरात असतो: मातेचे कितवे अपत्य. तिथे लिहिलं आहे, दुसरे.

दादा, दुसरा मी आहे.

मी दोनदा वाचलं, मग क्लार्कला वाचायला लावलं. तो म्हणाला, भाऊ, मी वाचल्यानं अक्षर बदलणार हाय का. घरी येऊन आजीला विचारलं. ती तूर निवडत होती. म्हणाली, व्हय, दवाखान्यात तूच झालास, संतोष तर इथंच सोजराच्या हातावर झाला, त्यात काहून तोंड पाडून बसलास.

माझं तुम्हाला ठाऊक आहेच. गुरुजींनी तांड्यातल्या सगळ्या पोरांना १ जून वाटली, मला १ जून २००४ आली. म्हणजे कागदावर मी तुमच्यापेक्षा साडेतीन महिन्यांनी मोठा आहे. एकाच याडीच्या पोटी साडेतीन महिन्यांत दोन लेकरं. तक्रार करणाऱ्यांनी हे अजून पाहिलेलं नाही.

उतारा मी घेतला नाही. काय करू ते कळवा. याडी-बापूंना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपला धाकटा,
प्रेमदास


वास्को, गोवा
१६ जानेवारी २०२५

चि. प्रेम्या यास,
अनेक आशीर्वाद.

उतारा आणायला पाठवलं, तर तू रजिस्टर तपासून आलास. असला चिकट भाऊ देवाने मलाच काहून दिला, कळत नाही.

बापूंना विचारलं. ते म्हणाले, शाळेतली बाई बोलली, जन्माचा कागद आणा, न्हाईतर पोरगं घेत न्हाई. घरात एकच कागद होता. त्यावर नाव कुणाचंच नव्हतं. तो दिला. यात मी कुणाचं काय चोरलं? असं म्हणून पुन्हा फुटपाथचे ब्लॉक बसवू लागले. बापू आता म्हणतात, मी तेव्हा आठेक वर्षांचा होतो आणि मला पहिलीत बसवलं. वर्गात सगळ्यांत उंच मीच. बाईंना वाटायचं घाटावरची पोरं उंचच असतात.

आता ऐक. पंधरा वर्षं मी ह्या लोकांचं ऐकून राहिलो. चेंडू आत फेकायला रेषेवर गेलो की मागून ओरडतात, घाटी, टोपलं उचल, रेती टाक. गेल्या रविवारी ओरडले आणि त्यानंतर दहा मिनिटांत मी गोल केला. त्याच लोकांच्या हातात मी आपण होऊन काठी देऊ? देणार नाही.

शपथपत्रावर सही कर. त्या तारखेचा तुला काय उपयोग? आजवर तू ती एकदा तरी वापरलीस? तुझं १ जूनवर भागतंय. माझं पोट त्या कागदावर आहे, याडीचं आणि बापूंचंही. बापूंची कंबर गेली आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

सही करून स्पीड पोस्टाने पाठव. रागात लिहितोय, पण माया आहे तेवढीच आहे.

तुझा,
संतोष


नाईक तांडा
२४ जानेवारी २०२५

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. उत्तर आधी कच्चं लिहिलं, हे पक्कं आहे.

मी सही करणार नाही. हे वाक्य दोनदा खोडलं आणि दोन्ही वेळा पुन्हा तेच लिहिलं.

त्या तारखेचा मला काय उपयोग, असं तुम्ही विचारलंत. २०१० साली तुम्ही तिघं ट्रकमध्ये बसलात. मी साडेपाच वर्षांचा होतो. दोन पोरं असतील तर मुकादम खोली देत नव्हता, म्हणून मला आजीजवळ ठेवलं. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. याडी तुमच्याकडे गेली, बापू तुमच्याकडे गेले. नववीत माझी शाळा सुटली तेव्हाही बोललो नाही. पण माझा जन्मसुद्धा त्याच ट्रकमधून गेला, हे मला ह्या महिन्यात कळलं. तो तुमचा आहे असं मी लिहून देणार नाही.

लहानपणापासून तुम्ही मला भित्रा म्हणता. खरं आहे, दुसऱ्याच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करायची तरी मी कागद चारदा वाचतो. पण ह्या वेळी मी भीतीने नाही म्हणत नाही.

ते म्हणतात, घाटी वयं चोरतात. आजवर ते खोटं बोलत होते, कारण बापूंनी चोरी केली नव्हती आणि तुम्हाला माहीत नव्हतं. आता आपल्या दोघांना माहीत आहे. माझी सही तिकडे गेली की त्या दिवसापासून ते खरं बोलतील. एवढं मोठं बक्षीस मी त्यांना देणार नाही.

तुम्ही जाऊन सांगा. तुमचं खरं वय नोंदवायला लागेल ते मी करीन. अर्ज लिहिणं तेवढं मला येतं.

रागवायचं तर पत्रातच रागवा, फोनवर आजी ऐकते. बापूंच्या कंबरेसाठी तेल पाठवत आहे. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नये.

आपला,
प्रेमदास


वास्को
१८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेमदास यास,
आशीर्वाद.

आठ दिवस तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नवव्या दिवशी सरावात कोच म्हणाले, वयाच्या मानाने तू फार ताकदीचा आहेस. लहानपणापासून मी हे ऐकतो आणि फुगतो. त्या दिवशी फुगता आलं नाही. बाराखालच्या संघाचा कप्तान मी, चौदाखालच्या संघात सगळ्यांत जास्त गोल माझे. समोर माझ्यापेक्षा दोन दोन वर्षांनी लहान लेकरं होती. मी चांगला होतो की नुसता मोठा होतो? प्रेम्या, हे मला आता कोण सांगेल?

मॅनेजर साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, तुला कुणी विचारलं होतं का, शपथपत्र आण आणि गप्प खेळ. मी म्हटलं, शपथपत्र करणारा माणूस ऐकून नाही राहिला. तिथून उठलो आणि संघटनेच्या ऑफिसात अर्ज दिला. स्वतः लिहिला, तू तपासायला मागू नकोस. आपण होऊन सांगितलं म्हणून सहा महिन्यांची बंदी झाली, पकडला गेलो असतो तर दोन वर्षांची होती. क्लबाने करार रद्द केला. इथल्या पेपरात वयचोर म्हणून फोटो आला. दुसऱ्या दिवशी मी त्याच मैदानाच्या भोवतीने तीन फेऱ्या पळालो, ज्याला बघायचं त्याने बघावं.

सध्या बापूंबरोबर ब्लॉक बसवतो. आता तू शब्द पाळ. माझा जन्म कधीचा ते शोध. शोधताना माझी बाजू घेऊ नकोस, निघेल ते निघू दे.

तुझा,
संतोष


नाईक तांडा
१९ मार्च २०२५

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

काल तहसीलमध्ये तुमच्या जन्मनोंदीची साक्ष झाली. मी एका साक्षीदाराचं नाव लिहिलं होतं, टेम्पोतून सात बायका आल्या. साहेब म्हणाले, एकच पुरे. सोजराबाई म्हणाली, पोरगं आमी सगळ्यांनी पाह्यलं, मग एकटीचंच काहून लिवून घेता? शेवटी सातही जणींचे अंगठे झाले.

सोजराबाईने सांगितलं, हळद शिजत होती, मला चुलवणावरून उठवून आणलं, होळी अजून यायची होती. साल तिला सांगता येईना. तेव्हा त्यांच्यातल्या शकुंतलाबाईने पिशवीतून आपल्या दिपाचा दवाखान्यातला कागद काढला. दिपा तुमच्यानंतर दोन दिवसांनी झाली: ११ मार्च २००२. म्हणजे तुमची तारीख ९ मार्च. तुम्ही तेवीस पूर्ण केलीत, दादा. मी मागेपुढे करून पाहिलं, एक दिवसही कमी होत नाही.

साहेब हसून म्हणाले, इथे सगळे वय कमी करायला येतात, तुम्ही वाढवायला काय आलात? आजी म्हणाली, वाढवून न्हाई राहिलो, त्याचं हाय तेवढंच मागून राहिलो.

माझ्या तारखेच्या दुरुस्तीचा अर्जही त्याच दिवशी दिला. तुमच्या जन्मनोंदीचा आदेश साहेबांनी लगेच काढला, त्याची प्रत सोबत आहे, जपून ठेवा. आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
प्रेमदास


मडगाव, गोवा
२९ सप्टेंबर २०२५

चि. प्रेमदास यास,
आशीर्वाद.

बंदी संपली. इथल्या एका लहान क्लबाने चाचणीला बोलावलं. त्यांच्याकडे एकवीसखालचा मुलगा आहे, मला सरळ मोठ्यांत खेळावं लागणार होतं. काल पहिला सामना झाला.

याडी पहिल्यांदाच मैदानात आली, कामावरच्या दोघींना घेऊन. मागच्या पोरांनी ओरड सुरू केली, घाटी, घरी जा. याडीने वळून विचारलं, कोणत्या घरी? ह्या पायऱ्यांची रेती मी डोक्यावर वाह्यली, उठा आधी माझ्या पायरीवरून.

माझ्यासमोरचा बचाववाला एकतीस वर्षांचा, दगडासारखा. पहिल्या अर्ध्यात त्याने मला चार वेळा आडवं केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी लहान होतो आणि ताकदीचं काही चालेना. मध्यंतरात कोचने विचारलं, काढू का? मी नाही म्हटलं. मग ताकद लावायचं सोडलं आणि नुसता चेंडू बघितला. दोनदा त्याच्या बाजूने निसटलो. दुसऱ्या वेळी दिलेल्या पासवर गोल झाला. सामना आम्ही दोन-एकने हरलो.

शिट्टी झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि वय विचारलं. मी म्हटलं, तेवीस. तो म्हणाला, मग अजून बरीच वर्षं तू मला त्रास देणार.

उद्या साडेसहाला सराव आहे, म्हणून आटोपतो. आजीला दंडवत. तुझा लोभ असू दे, आणि तुझं ते नाही म्हणणंही असू दे.

तुझा दादा,
संतोष