बेलमारच्या गादीचा खरा वारस

२ फेब्रुवारी ११६६, मेणबत्त्यांचा सण
गोर्मोंकाका, बेलमारचे काउंट, अंथरुणाला खिळले. हकीम म्हणतो, आठवडाभर काढले तर पुष्कळ. फार वाईट वाटलं. जेवणापर्यंत वाटत होतं.

बेलमारला आता खमका माणूस हवा. पुढे समुद्र, मागे डोंगर, डोंगरापलीकडे टपून बसलेला अमीर. काकांचा मुलगा थिएरी आहे म्हणा, पण त्याचं सगळं लक्ष शिकारीत. माझे आजोबा आणि पहिले काउंट सख्खे भाऊ, धर्मयुद्धासाठी फ्रान्सहून एकाच जहाजातून या किनाऱ्यावर आलेले. आजोबांना बोट लागली होती म्हणून ते मागाहून उतरले, एवढाच फरक. उलट्या वेळेवर थांबल्या असत्या तर आज गादीवर मी असतो.

संकल्प: कमी बोलायचं. कमी हसायचं. हात पाठीमागे बांधून चालायचं.

बायको, झाबेल, अर्मेनियन डोंगरातली. म्हणाली, "असे चालू नका हो. कोणी पकडून नेतंय असं वाटतं."

९ फेब्रुवारी
काका गेले. मी उशाशीच होतो. त्यांनी डोळे उघडले, थेट माझ्याकडे पाहिलं, "तू..." म्हणाले आणि मान टाकली. अर्थ उघड आहे.

पाद्रीबुवांचं म्हणणं, पूर्ण वाक्य "तू अजून इथेच?" असं होतं. पाद्रीबुवांना कमी ऐकू येतं.

१२ फेब्रुवारी
दरबार भरला. थिएरीला काउंट केलं. सगळ्या सरदारांनी हात वर केले, मीही केला. मोठेपणा दाखवायचा तर अशाच वेळी. थिएरी मिठी मारून म्हणाला, "रेनिएदादा, तुझाच आधार." म्हणजे नाव त्याचं, कारभार माझा.

३ मार्च
कारभाराबद्दल अजून कोणी विचारायला आलं नाही. लाजत असतील.

२० एप्रिल
थिएरी रानडुकरामागे गेला, घोडा घसरला, मान मोडली. जागच्या जागी गेला.

झाबेल म्हणाली, "तोंड सरळ करा, मयताला जायचंय." मी हसत नव्हतो. माझ्या तोंडाची ठेवणच तशी आहे.

त्याचा मुलगा ओदो तीन वर्षांचा. आई त्याच्या बाळंतपणातच गेलेली. काउंट आता तोच, पण तो मोठा होईपर्यंत कारभारी हवा. घरात कर्ता पुरुष एकच. शिंप्याला लाल झगा शिवायला सांगितला.

२५ एप्रिल
कारभार थिएरीच्या बहिणीला दिला. एशिवाला! तिला धान्याची कोठारं, पाण्याच्या टाक्या, बंदराची जकात सगळं तोंडपाठ आहे, हे मान्य. पण राज्य करणं म्हणजे पाठांतर नव्हे.

मला मात्र खास मान. सरदार शपथ घेत असताना ओदो सर्वांना दिसावा म्हणून त्याला खांद्यावर घेऊन उभं राहायचं. शिंप्याला निरोप: झगा सावकाश शिवला तरी चालेल.

१ मे
शपथविधी थाटात झाला. बेलमारचा सगळा भार माझ्या खांद्यावर. शपथ निम्म्यावर असताना मानेवरून गरम धार खाली आली. हललो नाही. एशिवा नंतर म्हणाली, "दादा, तू होतास म्हणून निभावलं." हे दरबारात म्हणायला हवं होतं.

१९ जून
ओदो रोज सकाळी दारात हजर. "घोडा, चल!" म्हणतो. काउंटचा हुकूम मोडता येत नाही. आज धक्क्यापर्यंत नेऊन आणलं. कंबर धरली. उद्यापासून हे बंद. आपल्या पदाला शोभत नाही.

२० जून
आज दोनदा नेलं.

११ जुलै
ओदो तापाने गेला. आज काही लिहीत नाही.

१७ जुलै
झाबेल म्हणते, मी रोज सकाळी दाराशी जाऊन उभा राहतो. वाऱ्याला उभा राहतो. उकाडा किती आहे.

असो. आता वारस उरले दोन: एशिवा आणि मी.

२० जुलै
दरबाराने एशिवाला काउंटेस केलं. फौज कोण चालवणार असं निघालं, तेव्हा मी उठून उभा राहिलो. एका म्हाताऱ्या सरदाराने विचारलं, "रेनिए, तू शेवटचा लढलास कुठे?" मी म्हटलं, लढाईची वेळच न येऊ देणं हे खरं कौशल्य. सगळे हसले. वातावरण हलकं करणं मला जमतं.

ठरलं असं की एशिवाने नवरा करावा.

९ ऑगस्ट
नवरा आला. एंगेराँ नाव, फ्रान्सहून ताजा ताजा. नाक उन्हाने सोललेलं, तरी दुपारभर चिलखत घालून फिरतो. ऑलिव्ह पिकल्यावर गोड होतात का, असं विचारत होता. उत्तम माणूस. माझ्या सल्ल्याशिवाय याचं पान हलणार नाही.

१३ ऑगस्ट
लग्न लागलं. एंगेराँला सल्ला द्यायला गेलो. त्याने मला घोडेवाला समजून लगाम हातात दिला.

२३ ऑगस्ट
अमीर डोंगर उतरला. एशिवा नवऱ्याला विनवत होती, "तटाच्या आत थांबा, टाक्या भरलेल्या आहेत." एंगेराँ म्हणाला, फ्रान्समध्ये असं लपून बसत नाहीत. भर दुपारी फौज घेऊन निघाला. पाण्याचे बुधले मागेच राहिले. मी सांगणारच होतो. मला जाता आलं नाही. नको त्या जागी गळू झालंय, खोगिरावर बसवत नाही.

२५ ऑगस्ट
फौज बुडाली. एंगेराँ मेला. तटावरून अमिराचे तंबू दिसतात.

२८ ऑगस्ट
अमिराचा निरोप: गाव सोडा, हाताला लागेल ते घ्या, जहाजांतून सुखरूप जा. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. फक्त परत चढाई करणार नाही याची हमी म्हणून बेलमारचा गादीवरचा धनी वर्षभर ओलीस हवा. जहाजांनी दगा दिला तर त्याचं डोकं जाईल.

एशिवा म्हणाली, "मी जाते." सरदार ऐकेनात. अशी डोकेबाज बाई त्यांना पुढे लागणार. मग सगळ्यांना एकदम माझे आजोबा आठवले. पाद्रीबुवांनाही आठवलं की काका मरताना "तू" एवढंच म्हणाले होते.

एकमताने निवड! मी काउंट!

एशिवाने माझा हात हातात घेतला. "दादा, मी काय मागतेय ते कळतंय ना तुला?" मी म्हटलं, कळतंय, कधीची वाट बघतोय. तिला रडू आवरेना. आनंदाने.

२९ ऑगस्ट
झाबेल भांडली. "अहो, तुम्हाला गादीवर बसवलं नाही, गादीसकट गहाण टाकलंय! त्या मठातल्या बुरखेवाल्या जोगिणींच्या घोळक्यात लपवते तुम्हाला, चला जहाजावर." तिला राजकारण कळत नाही.

तरी सहज धक्क्यावर चक्कर टाकली. गर्दी. विणकराची विधवा मागाचा दांडा छातीशी धरून बसलेली, तिची तीन पोरं तिच्या पदराला. लहानग्याने माझ्याकडे पाहून हात वर केले, खांद्यावर घे म्हणून.

परत फिरलो. झगा शिवून झाला होता, वाया गेला असता.

३० ऑगस्ट
रिकाम्या देवळात राज्याभिषेक. लाल झगा काखेत काचतो. झाबेल जहाजावर चढताना माझी बाही सोडेना. शेवटी खलाशाने बोटं सोडवली.

किल्ल्या घेऊन अमिराच्या छावणीत गेलो. कारकुनाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काउंट मागून येतायत का?"

६ डिसेंबर
अमिराचा किल्ला. इथूनच बेलमारचा कारभार पाहतो. आज निर्णय: कारभार उद्यापासून. थंडी फार आहे.

२ फेब्रुवारी ११६७
पहारेकऱ्याला सांगितलं, मला हुजूर म्हणत जा. तो म्हणाला, "बरं हुजूर, बादली बाहेर ठेवा."

११ जुलै
आज काही लिहीत नाही.

४ सप्टेंबर, त्रिपोली
सुटलो. हमीचं वर्ष संपलं. बेलमारची जहाजं इथेच लागली होती, झाबेलची खोली बंदराजवळ आहे. दार उघडलं, माझ्या बरगड्या चाचपून पाहिल्या, मग पाठ फिरवून चुलीशी बराच वेळ काहीतरी ढवळत राहिली.

येताना रस्त्यात बेलमारची माणसं भेटली. उठून उभी राहिली. विणकराच्या विधवेने माझा हात कपाळाला लावला. झाबेलला म्हटलं, बघ, शेवटी काउंट म्हणून ओळखतात.

एशिवा पुन्हा लग्न करून उत्तरेकडे गेली म्हणे. म्हणजे गादीला आता दुसरा दावेदार नाही. उद्या जुने सरदार बोलवायचे, तट दुरुस्त करायचा, जकात बसवायची. मी विचारलं, "मी नव्हतो तेव्हा बेलमारचं कोण बघत होतं?"

"कसलं बेलमार?" ती म्हणाली. "अमिराने तट पाडला, घरं पाडली, दगड पुलाला नेले. शेळ्या चरतात तिथे. हात धुवा, बसा."

मसुराची आमटी होती. दोनदा वाढून घेतली.