ठळक ताऱ्यांची शेपटी

प्रिय बाबा,

तू पाठवलेले फोटो मिळाले. तारे गोल का येत नाहीत ते शोधून काढ, स्टँड बिघडला असेल तर दुर्बीण विकूनच टाकतो, असं लिहिलंयस. आधी ते विकायचं खूळ डोक्यातून काढ. छापखान्यात दिवसभर भिंगातून शाईचे ठिपके तपासणाऱ्या तुझ्या ठिपकेवालीला तू हे काम दिलंस, म्हणजे तिची जेवणाची सुट्टी गेलीच. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, मी पुढच्या वर्षीची कॅलेंडरं तपासतेय.

पहिला संशय दुर्बिणीच्या भिंगावर घेतला. ते तिरकं बसलं असतं तर कोपऱ्यातले तारे ताणले गेले असते आणि मधले नीट राहिले असते. इथे सगळीकडे सारखंच. मग ताऱ्यांच्या चालीने दुर्बीण फिरवणारी मोटर. ती ताऱ्यांच्या मागे पडली की प्रत्येक ताऱ्याची सरळ रेघ होते. तुझ्या ताऱ्यांना रेघ नाही, बारीक वाकडीतिकडी शेपटी आहे. वारा म्हणावं, तर वारा काही प्रत्येक फोटोत नेमाने हजेरी लावत नाही. स्टँडच्या नावाने उगाच खडे फोडलेस, तो बिचारा ठणठणीत आहे.

मग लक्षात आलं, शेपटी फक्त ठळक ताऱ्यांना आहे. मंद तारे अगदी गोल आहेत. म्हणजे दुर्बीण हलली ती जेमतेम क्षणभर, आणि तेवढ्यात ठळक ताऱ्यांचाच काय तो प्रकाश उमटला. पुढे फोटो पूर्ण होईपर्यंत सगळं शांत. प्रत्येक फोटोत येणारा असा क्षण एकच असतो, बोट बटणावर असतानाचा.

मी शाळेत असताना गच्चीवर तू मला पहिला फोटो काढायला दिलास, आठवतं? मी धाडकन बटण दाबलं. रागावला नाहीस, फक्त म्हणालास, ‘‘टायमर लाव आणि हात मागे बांधून उभी राहा. बटणाला लागलेला धक्का ताऱ्यांत दिसतो.’’ तुझ्यासारख्या घड्याळजीच्या तोंडून हे ऐकून मला हसू आलं होतं. केसाएवढा स्क्रू चिमट्याने अलगद बसवणारा तुझा हात. त्याच्याइतकं स्थिर आपल्या घरात दुसरं काही नव्हतं, आईचा मूड तर नाहीच नाही. तरी टायमर लावल्याशिवाय तू कधी एक फोटो काढला नाहीस.

आई फोनवर सांगत होती, हल्ली तू अर्धाच कप चहा घेतोस, साखर कमी करायची म्हणून. बायकांची नाजूक घड्याळं पलीकडच्या दुकानात पाठवतोस, डोळे थकले म्हणून. मी दोन्ही खरं धरून चालले होते. त्या शेपट्या बघितल्या, आणि डबा तसाच परत नेला.

बाबा, टायमर विसरणारा तू नव्हेस. हाताला कंप सुटलाय हे तुला तोंडाने सांगवेना, म्हणून मुद्दाम हाताने बटण दाबलंस आणि मला दोष शोधायला लावलास. सापडला. मी घाबरलेय, ते लपवत नाही. दुकानाचं पुढे काय, या विचाराने तुला झोप लागत नसणार हेही कळतंय मला. डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे, मी शुक्रवारीच येते. आईला आपण दोघं मिळून सांगू. तोवर चहा कप भरून घे. सांडला तर सांडला, फरशी मी पुसेन.

तुझीच,
ठिपकेवाली